आपला रसग्रहणाचा निबंध आपणच कसा तपासायचा

दादरच्या एका वाचनालयात रविवारी सकाळी काही मुलंमुली वह्या घेऊन माझ्याकडे येतात. कुणी विरारहून, कुणी गोवंडीहून, कुणी पार बदलापूरहून. बहुतेक जण बी.ए.ला मराठी घेतलेले, एखाददुसरा बारावीचा. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "ताई, हे बरोबर आहे का, बघाल?" मी बघते. पण वही हातात घेण्याआधी विचारते, "तुला स्वतःला यातली कुठली जागा कच्ची वाटते?" पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे गप्प होतात. मग चाचरत म्हणतात, "शुद्धलेखन असेल."

शुद्धलेखन क्वचितच असतं. कच्ची जागा दुसरीकडेच असते आणि ती त्यांची त्यांना सापडू शकते. कसं शोधायचं हे कुणी दाखवलेलं नसतं, एवढंच.

कॉलेजात निबंध भल्यामोठ्या गठ्ठ्यात जमा होतो. परत येतो तेव्हा शेवटी गुणांचा आकडा असतो आणि फार तर 'अधिक विश्लेषण हवे' एवढं एक वाक्य. एकेका वर्गात किती मुलं असतात हे पाहिलं, की शिक्षकांना याहून जास्त लिहायला वेळ कुठून मिळणार हेही कळतं. पण 'अधिक' म्हणजे नेमकं काय अधिक हे मुलांना उमगत नाही. पुढच्या वेळी ती दोन पानं जास्त लिहितात आणि ती दोन पानं सारांशाचीच असतात.

तेव्हा हे काम स्वतःच शिकून घ्यायला हवं. पहिल्यांदाच करणाऱ्याला जमेल अशा बेतानं मी पायऱ्या सांगते. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. निबंध तपासताना आपण निबंधाकडे बघत बसतो, शब्द इकडचे तिकडे करतो. खरं तर दर वेळी उठून कवितेकडे परत जायचं असतं. निबंधातली प्रत्येक कच्ची जागा म्हणजे कवितेतली अशी एखादी जागा, जिथे आपण नीट थांबलोच नव्हतो.

उदाहरणासाठी एकच कविता धरू : बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळींची, पुष्कळांना पाठ असलेली. पाठ नसेल तर आधी शोधा, दोनदा मोठ्यानं वाचा आणि शेजारी ठेवूनच पुढचं वाचा. आता माझ्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये हमखास सापडतो तशा वळणाचा एक परिच्छेद बघा. हा मी रचलेला आहे, कुणा एकाचा नाही :

"बालकवी हे निसर्गकवी होते. त्यांनी 'औदुंबर' या कवितेत निसर्गाचे अतिशय सुंदर व हुबेहूब चित्रण केले आहे. झरा, गाव, शेतमळे, पायवाट आणि डोह यांचे वर्णन वाचताना ते दृश्य डोळ्यांसमोर उभे राहते. औदुंबराचे झाड पाण्यात पाय टाकून बसले आहे अशी कल्पना कवीने केली आहे. 'पाय टाकुनी जळांत बसला' या शब्दांत चेतनगुणोक्ती अलंकार आहे. त्यामुळे कवितेच्या सौंदर्यात भर पडली आहे."

यात एकही वाक्य खोटं नाही. व्याकरण ठीक, अलंकाराचं नाव बरोबर. शाळेत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशा तीन खान्यांत रसग्रहण लिहायला शिकलो, त्या तिन्ही खान्यांत इथे थोडं थोडं भरलेलंही आहे. आणि तरी हा परिच्छेद कविता न वाचता लिहिता येतो. गाइडमधली चार वाक्यं वाचली तरी पुरे. शाळेच्या त्या खान्यांनी आपल्याला कशाकशाकडे बघायचं हे शिकवलं, ते कामाचं होतं. पण खाना भरला म्हणजे बघून झालं, अशी सवयही त्यातूनच लागते आणि कॉलेजात ती अडचणीची ठरते.

आधी निबंध शिळा होऊ द्या

रात्री लिहिलेला निबंध त्याच रात्री तपासू नका. जे लिहायचं मनात होतं ते डोक्यात ताजं असतं, त्यामुळे डोळे कागदावरचं न वाचता डोक्यातलंच वाचतात. किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या. दोन दिवस मिळाले तर उत्तम.

उद्याच द्यायचा असेल, तर निबंधाचं रूप बदला. मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि सकाळी गाडीत इअरफोन लावून ऐका. गर्दीत कागद बाहेर काढता येत नाही, पण ऐकता येतं. ऐकताना काही सुधारायचं नाही. फक्त कुठे लक्ष उडालं आणि कुठे वाक्य संपता संपत नव्हतं, एवढं ध्यानात ठेवायचं. जिथे लिहिणाऱ्याचंच लक्ष उडतं, तिथे वाचणाऱ्याचं काय होत असेल?

घरात जागा नसते हे मला ठाऊक आहे. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना 'निळासांवळा झरा' मोठ्यानं म्हणायला संकोच वाटतो. माझी एक विद्यार्थिनी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन वाचते. वरळीच्या अभ्यास गल्लीत दिव्याखाली बसून शिकलेल्या मुलांच्या पिढ्याच आहेत, तिथे फेऱ्या मारत पुटपुटत वाचणारा दिसला तर कुणाला त्याचं नवल वाटत नाही. अभ्यासिकेत मात्र आवाज करता येत नाही, तिथे पुढची पायरी करा.

तीन पेन्सिली

सगळ्या पायऱ्यांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते, म्हणून इथे जरा थांबते.

लाल, हिरवी आणि निळी अशा तीन पेन्सिली घ्या. निबंधातलं प्रत्येक वाक्य रंगवायचं. कवितेत काय आहे, काय घडतं, ओळीचा अर्थ काय, हे सांगणारं वाक्य लाल. कवितेतले शब्द जसेच्या तसे उचललेले असतील तेवढे हिरवे. त्या शब्दांवरून मला काय दिसलं, ते का महत्त्वाचं वाटतं, हे सांगणारं वाक्य निळं. आणि जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेच्या निबंधात जसंच्या तसं चिकटवता येईल, ते कोरंच ठेवायचं.

वरचा परिच्छेद रंगवून बघा. 'निसर्गकवी होते', कोरं. 'सुंदर व हुबेहूब चित्रण', कोरं. झरा, गाव, शेतमळे यांची यादी लाल, तीही 'दृश्य डोळ्यांसमोर उभे राहते'पाशी येऊन कोरी होते. औदुंबर पाण्यात पाय टाकून बसला आहे, लाल. अवतरण हिरवं. अलंकाराचं नाव? ते निळं आहे असं वाटतं. पण नाव सांगणं म्हणजे अजून काही म्हणणं नव्हे, तेही कोरं. 'सौंदर्यात भर पडली', कोरं. अख्ख्या परिच्छेदात निळी पेन्सिल एकदाही टेकली नाही.

पहिल्यांदा असं रंगवल्यावर एका मुलीनं वही बंद केली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. चार पानांत निळ्या ओळी दोनच होत्या. तिला वाटलं, आपल्याला काहीच येत नाही. मी त्या दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या. चांगल्या होत्या, तिच्या स्वतःच्या होत्या. निबंध तिथून सुरू होणार होता. म्हणून रंगवून झाल्यावर लाल पानं बघून खचू नका, निळं कुठे आहे ते शोधा. ते बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पानावर, घाईत लिहिलेल्या एखाद्या वाक्यात दडलेलं असतं, कारण तोवर लिहिता लिहिता आपण विचार करायला लागलेलो असतो.

प्रमाण किती असावं, असं मुलं विचारतात. ठरावीक आकडा नाही. पण हिरव्यापाठोपाठ निळं आलंच पाहिजे, आणि सलग अर्धं पान लाल असेल तर त्यातलं बरंचसं काढता येतं. शिक्षकांनी ती कविता वाचलेली आहे, त्यांना ती पुन्हा सांगायची गरज नसते.

'म्हणून काय?'

आता प्रत्येक अवतरणापाशी आणि प्रत्येक अलंकाराच्या नावापाशी थांबून स्वतःला विचारायचं : म्हणून काय?

औदुंबराच्या ओळीत चेतनगुणोक्ती आहे. म्हणून काय? झाड माणसासारखं बसलं आहे. म्हणून काय? इथे उत्तर येत नाही, कारण ते निबंधात नाहीच. उठा, कवितेकडे जा. क्रियापदांखाली रेघ मारा. झरा 'वाहतो'. पायवाट 'चालली' आहे. काळिमा लाटांवर 'पसरी'. म्हणजे चेतनगुणोक्ती एकट्या औदुंबराची नाही, पायवाटही माणसासारखी चालते आहे. आणि एवढ्या वाहण्या-चालण्या-पसरण्यात 'बसला' आहे तो एकटा औदुंबर.

ही गोष्ट अलंकाराच्या नावात सापडत नाही. क्रियापदं एकाखाली एक लिहिल्यावर सापडते. आणि ती सापडली की निबंधाला म्हणण्यासारखं काहीतरी मिळतं : सगळं हलतं आहे आणि कविता अशा एका गोष्टीपाशी येऊन थांबते जी हलत नाही.

असंच रंगांचं. हिरवा तीन वेळा येतो, हिरवाळीत, शेतमळ्यांच्या गर्दीत आणि कुरणात. मग सहाव्या ओळीत पायवाट काळ्या डोहाकडे वळते आणि तिथून पुढे हिरवा परत येत नाही. हे मी सांगितलं म्हणून घेऊ नका, ओळी मोजून बघा. मोजणं हे काम रुक्ष वाटतं, पण नवख्या वाचकाला त्याच्याइतका भरवशाचा आधार नाही. 'मला असं वाटतं' म्हणायला धीर लागतो. 'हा शब्द तीन वेळा येतो आणि मग येत नाही' हे कुणीही निर्धास्तपणे म्हणू शकतं आणि त्यावर पुढचा विचार उभा करू शकतं.

निबंधाचा एक मुद्दा, एका वाक्यात

वही बंद करा. कोऱ्या कागदावर एका वाक्यात लिहा : या निबंधात मी काय म्हणतो आहे? निबंधात बघून लिहायचं नाही. लिहिता आलं नाही, तर निबंधाला अजून मुद्दाच नाही.

लिहिता आलं, तर त्याची परीक्षा घ्या. समोरचा शहाणा माणूस 'मला नाही तसं वाटत' असं म्हणू शकेल का? 'औदुंबर ही निसर्गकविता आहे' यावर कोण भांडणार? म्हणजे तो मुद्दा नाही, माहिती आहे. 'औदुंबर ही उदास कविता आहे' यावर भांडता येईल, पण उदास म्हणजे कुठल्या शब्दात, हे त्यातून कळत नाही. 'ही कविता हिरव्या, हलत्या जगातून एका काळ्या, स्थिर जागेकडे घेऊन जाते' यावर भांडता येतं आणि कुठे बघून भांडायचं तेही कळतं. तीन वाक्यं झाली, प्रत्येक खेपेला आपण कवितेच्या थोडं आणखी जवळ गेलो. पहिला मसुदा लिहिताना असा मुद्दा हाताशी नसतो, तो लिहून झाल्यावर सापडतो. म्हणून पहिला मसुदा वाया गेला असं समजू नका.

मुद्दा सापडला, की प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी समासात चारपाच शब्दांत लिहा, हा परिच्छेद काय करतो. मग निबंध झाकून फक्त समास वाचा. दोन परिच्छेद तेच करत असतील तर एक काढा, एखादा मुद्द्याकडे वळतच नसेल तर तोही. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा जातोच. कवीचा जन्म, पूर्ण नाव, 'मराठी साहित्यात अनेक थोर कवी होऊन गेले' ही सगळी लिहायला बसतानाची चुळबुळ असते. ती लिहावी लागते, ठेवावी लागत नाही.

अडचणीचा शब्द शोधा

हे करायला जीव होत नाही, पण निबंध खरा पक्का होतो तो इथे.

आपला मुद्दा हातात घेऊन कविता पुन्हा वाचा आणि मुद्दाम शोधा : माझ्या म्हणण्याला कुठला शब्द आड येतो? कुठली ओळ मी निबंधात घेतलीच नाही, आणि का?

समजा, तुम्ही लिहिलं आहे की ही कविता शेवटी खिन्नतेत, अंधारात बुडते. सातव्या ओळीत एक शब्द आहे : 'गोड'. जळ झाकोळून 'गोड काळिमा' लाटांवर पसरतो. ओळ तुम्ही अवतरणात घेतली असेल, पण 'गोड'बद्दल निबंधात अवाक्षर नसेल. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांमध्ये नसतं. कारण तो शब्द अडचणीचा आहे.

आता शब्दकोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही. छापील कोश आणि जुनी मासिकं चाळायची असतील, तर दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. एक सकाळ तिथे घालवावी. 'काळिमा' म्हणजे काळेपणा आणि काळिमा म्हणजे कलंकही. आपण रोजच्या बोलण्यात तो कुठे वापरतो? 'घराण्याच्या नावाला काळिमा फासला.' म्हणजे ज्या शब्दाला डागाची, बदनामीची सवय लागलेली आहे, त्याच्या पुढे कवीनं 'गोड' ठेवला आहे. हे दोन शब्द शेजारी आल्यावर एकमेकांना सुखानं राहू देत नाहीत.

मग 'खिन्नतेत बुडते' हे म्हणणं टिकतं का? जसंच्या तसं टिकत नाही. पण फेकूनही द्यायचं नाही. ते बदलतं : कविता काळ्याकडे जाते, पण त्या काळ्याला भीत नाही, त्याच्यात तिला गोडी आहे, आणि म्हणून औदुंबर तिथे निवांत पाय टाकून बसू शकतो. बघा, अडचणीच्या शब्दानं मुद्दा मोडला नाही, आणखी खोल नेला.

कवीचं आयुष्य आणि कवितेतला 'मी'

बालकवी १९१८ साली खानदेशात भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले. वय तिशीच्या आतलं. हे वाचून मन हलतं आणि मग निबंधात वाक्य येतं, 'काळा डोह हे कवीला दिसलेल्या स्वतःच्या मृत्यूचे प्रतीक आहे.' हळहळ खरी आहे, पुरावा नाही. कविता लिहिणाऱ्याला आपला शेवट ठाऊक नव्हता, तो आपल्याला ठाऊक आहे. असं वाक्य सापडलं तर त्यातला चरित्राचा भाग झाकून बघा. उरलेलं म्हणणं कवितेतल्या शब्दांवर उभं राहत असेल तर राहू द्या.

कथेच्या निबंधात हीच चूक वेगळ्या रूपात येते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहावर लिहिताना मुलं शीर्षककथेतल्या निवेदकाला सरळ 'बागूल' म्हणतात. बागूल माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले, हे सांगायचा मोह होतो, आणि मुंबईकर म्हणून ती जागा आपल्याला जवळचीही वाटते. पण कथेतला 'मी' हा कथेतलाच आहे, निबंधभर त्याला 'निवेदक' म्हणा. आणि चरित्रात शिरण्याआधी शीर्षकातल्या क्रियापदापाशी थांबा. 'लपवली' का नाही, 'चोरली' का? लपवतो ते आपलं असतं. चोरतो ते दुसऱ्याचं. त्या एका क्रियापदावर दोन पानांचा निळा मजकूर लिहिता येईल.

भराभर करायची कामं

अवतरणं मूळ पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. 'जळांत'वरचा अनुस्वार जुन्या छापील प्रतींत असतो, साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आल्यावर असे अनुच्चारित अनुस्वार गेले. तुमच्या हातातल्या प्रतीत जसं आहे तसंच लिहा आणि सगळीकडे एकच प्रत वापरा. व्हॉट्सअॅपवर आलेली कविता प्रत म्हणून धरू नका.

'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'मनाला भिडणारे', 'समर्पक' हे शब्द शोधून खोडा. खोडल्यावर वाक्य रिकामं वाटलं, तर ते आधीपासूनच रिकामं होतं. तिथे कुठला शब्द भिडला, तो लिहा. 'कवीने आपल्या प्रतिभेने', 'कवीला असे म्हणायचे आहे की' यांचंही तेच.

दुसऱ्याचं वाक्य, मग ते गाइडमधलं असो की फोनमधल्या चॅटबॉटनं लिहून दिलेलं, आपल्या वाक्यांत मिसळलं असेल तर आत्ताच काढा. चोरी पकडली जाईल ही भीती बाजूला ठेवली, तरी त्या वाक्यापाशी तुम्हाला 'म्हणून काय?' विचारता येत नाही. ते ज्या वाचनातून आलं, ते वाचन तुमच्याजवळ नसतं.

दुसऱ्याचे कान

मैत्रिणीला निबंध वाचून दाखवा, पण 'कसा वाटला?' विचारू नका. 'छान' याशिवाय दुसरं उत्तर मिळत नाही, मैत्रीत ते साहजिकच आहे. विचारायचं असं : "मी काय म्हटलं ते तुझ्या शब्दांत परत सांग." ती जे सांगेल तो तुमचा निबंध. तुमच्या मनातल्या मुद्द्यापेक्षा तो वेगळा निघाला, तर तिला समजावत बसू नका. तिला जे सापडलं नाही ते कागदावर नव्हतं. रुईयाच्या कट्ट्यावर किंवा परतीच्या गाडीत हे दहा मिनिटांत होतं आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

चुकांची एक वही

निबंध देण्याआधी स्वतःला गुण द्या. मुद्द्याला किती, पुराव्याला किती, निळ्या मजकुराला किती, भाषेला किती, प्रत्येकी पाचपैकी. शेजारी एका ओळीत कारण लिहा. निबंध परत आल्यावर शिक्षकांचे गुण आणि शेरा त्याखाली उतरवून घ्या. तुमचा अंदाज नेमका कुठे चुकतो ते दोनतीन निबंधांत दिसायला लागतं. कुणी पुराव्यात स्वतःला उदारपणे गुण देतं, कुणी भाषेत उगाच कापतं.

शेरा मोघम असेल तर त्याचा प्रश्न करून घ्या. 'अधिक विश्लेषण हवे' याचा प्रश्न असा : कुठल्या हिरव्या ओळीनंतर निळं नाही? 'विस्कळीत', म्हणजे समासातल्या कुठल्या दोन नोंदींची जागा बदलायला हवी? मग शिक्षकांकडे जाऊन तेवढाच प्रश्न विचारा. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सुद्धा उत्तर मिळतं. मी शिकत होते तेव्हा माझा एक निबंध शेऱ्याविना परत आला होता, नुसता आकडा. कमी का मिळाले हे विचारायचं धाडस झालं नाही, आणि काय विचारायचं हेही ठाऊक नव्हतं. तो निबंध अजून माझ्याकडे आहे. परवा तीन पेन्सिली घेऊन बसले. पहिली अडीच पानं लाल आहेत.

हे सगळं एका बैठकीत करायचं नाही. पहिल्या निबंधाला फक्त तीन पेन्सिली आणि 'म्हणून काय?' एवढंच करा. दुसऱ्याला एका वाक्यातला मुद्दा आणि समास जोडा. अडचणीचा शब्द तिसऱ्यापासून. आणि हातात जेमतेम तासभर असेल, तर बाकी सारं सोडून सर्वांत चांगलं निळं वाक्य शोधा, ते निबंधाच्या सुरुवातीला आणा आणि त्याच्या आड येणारं लाल कापा.

खिडकीबाहेर बघत बसलेल्या त्या मुलीनं दोन रविवारांनी परिच्छेद पुन्हा लिहून आणला. तिच्या परवानगीनं देते :

"या कवितेत हिरवा रंग तीन वेळा येतो, पण पायवाट 'काळ्या डोहाकडे' वळल्यानंतर तो पुन्हा दिसत नाही. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो; औदुंबर मात्र बसला आहे. म्हणजे रंग काळा होतो तिथेच हालचालही थांबते. हा शेवट मला आधी खिन्न वाटला होता. पण कवी त्या काळिम्याला 'गोड' म्हणतो. ज्या पाण्याची भीती वाटते त्यात कोणी पाय टाकून बसत नाही. चार घरांच्या गावात एकही माणूस दिसत नाही; या कवितेत माणसासारखे निवांत बसणे फक्त झाडाला जमले आहे."

शेवटचं वाक्य मला सुचलं नव्हतं. आणि समासात, पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात तिनं आणखी एक लिहून ठेवलं होतं : 'असला औदुंबर' – असला म्हणजे कसला?